शेवट पटत नाही

सतरा नंबरच्या कथेखाली मी लाल पेनानं लिहिलं, ‘भाषा चांगली. शेवट पटत नाही. आईची प्रतिक्रिया अवास्तव. संघर्ष हवा होता.’ २५ पैकी ११ गुण दिले आणि अठरावी कथा पुढे ओढली. एका कॉलेजची कथास्पर्धा होती. एकूण ३१ कथा, दुसऱ्या दिवशी बक्षीस समारंभ, आणि मी नेहमीप्रमाणे सगळं शेवटच्या रात्रीवर ढकललेलं. कथांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. बहुतेक कथांत कुणीतरी मरत होतं. एकीत शेतकरी बाप, एकीत सैनिक, एकीत रक्ताच्या कर्करोगानं प्रेयसी. त्या रांगेत सतरावी हातात आली तेव्हा साडेबारा वाजून गेले असतील. डोळे चुरचुरत होते, शेजारी बशीत भडंग होतं आणि पोरांच्या फुलस्केपांवर माझ्या तेलकट बोटांचे ठसे उमटत होते. हे सांगून मी काही सूट मागत नाही. झोपेच्या गुंगीत ११ दिले असं झालं नाही. चांगला जागा होऊन, खुर्चीत नीट बसून दिले.

दुसऱ्या दिवशी समारंभ उरकल्यावर हॉलच्या मागच्या बाजूला चहा घेत उभा होतो. तपासलेल्या कथा टेबलावर गठ्ठ्यानं ठेवल्या होत्या, ज्याची त्यानं शोधून न्यायची. एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पाठीवर सॅक, गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालेलं, हातात सतरा नंबर. ‘सर, ह्यात कुठं पटलं नाही तुम्हाला?’ मी म्हटलं, शेवट. ‘शेवटात काय?’ परीक्षकाला चढतो तसा थोडा वडीलधारा आवाज मलाही चढला होता. म्हणालो, ‘अगं, आया अशा वागत नाहीत.’

‘कुणाच्या?’

एवढंच म्हणाली. आवाजात खोच नव्हती. स्टँडवर ‘ही गाडी कुठली?’ विचारावं तसं विचारलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात दारातून तिच्या मैत्रिणीनं हाक मारली, तासगाव गाडी लागली म्हणून, आणि ‘बरं सर’ म्हणून ती पळालीसुद्धा. कथा तिनं लिहिली होती की वर्गातल्या कुणासाठी न्यायला आली होती, मला ठाऊक नाही. रात्रभर मी मात्र लिहिणारा मुलगाच आहे असं धरून चाललो होतो, कारण कथेतला ‘मी’ मुलगा होता. एवढी वर्षं वाचून, लिहून, दिवाळी अंकांना कथा पाठवूनही मी ‘मी’ ह्या शब्दाला असा फसलो.

कथा अशी. सांगलवाडीचा अकरावीतला पोरगा. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती जवळ आल्यात आणि हा एका होडीत वल्हं मारायला आहे. पुढच्या पोराच्या पाठीवरून घाम आणि नदीचं पाणी एकत्र होऊन ओघळत असतं, त्याच्याकडं बघता बघता ह्याचा ताल चुकतो. शर्यत हरतात. काठावर टोळकं शिव्या घालत असताना पुढचा पोरगा मागं वळून फक्त हसतो. (हे हसणं लिहिणाऱ्यानं एका ओळीत उरकलं होतं आणि ते फार चांगलं उरकलं होतं.) मग घर. बापाची तिकडं दोन एकर द्राक्षबाग, अवकाळीनं घड फुटलेले, सोसायटीचं कर्ज, बहिणीचं जमत आलेलं लग्न. संध्याकाळी आई पिठाचा डबा काढत असताना हा तिला सांगून टाकतो, त्या पोराचं नाव घेऊन, ‘मला तो आवडतो. म्हणजे तसा.’ आई म्हणते, ‘आधी मोटर बंद कर, टाकी वाहतीया.’ तो खाली जातो, जिन्याखालचं बटण बंद करतो, थोडा वेळ अंधारात तिथंच थांबतो. वर येतो तर आई भाकरी थापत असते. विचारते, ‘त्याच्या घरात माहीत हाय?’ ‘न्हाई.’ ‘मग तूबी गावभर करू नको. आणि बापाला एवढ्यात नको सांगू. हंगाम जाऊंदे.’

संपली कथा. मी पान उलटून बघितलं, मागे काही नव्हतं.

खरं सांगायचं तर मी वाटच बघत होतो. आता आई ताट फेकणार, आता बाप पट्टा काढणार, आता कुणीतरी ह्याला कुठल्यातरी बाबाकडं नेणार, निदान हा पोरगा आयर्विनच्या कठड्याशी जाऊन खाली वाहतं पाणी तरी बघणार. आयर्विन पूल तर कथेत होता, पण त्याच्यावरून तो नुसता क्लासला जात होता. एवढा पूल हाताशी असून लेखकानं त्याचा ‘उपयोग’ केला नाही, ह्याची मला चक्क चीड आली. ‘संघर्ष हवा होता’ ह्या तीन शब्दांत ती चीड आहे. सभ्य परीक्षक तिला असंच लिहितात.

आता माझी गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर त्या ११ मार्कांचा हिशेब लागायचा नाही. मी ४७ वर्षांचा. सांगलीत गावभागात राहतो, बँकेत आहे, घरी आई. लग्न केलं नाही. ‘योग आला नाही’ असं आई नातेवाइकांना सांगते, आणि योग हा शब्द आपल्या भाषेत किती जणांच्या अंगावर पांघरूण घालत आला आहे, त्याला तोड नाही. मला पुरुष आवडतात. हे वाक्य टाइप करताना आत्तासुद्धा सवयीनं मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघून घेतलं.

१९९४ च्या उन्हाळ्यात दहावीची परीक्षा झाली आणि मी रोज दुपारी सायकल काढून हरिपूरला जायला लागलो. तिथं वर्गातला एक मित्र राहायचा. घरी कारण सांगायची गरज नसायची, कारण वडिलांची हळदीची अडत होती आणि हरिपुरात आमची पेवं होती. हरिपूर रस्त्यावरच्या चिंचांची सावली, डबलसीट, तो पुढं दांडीवर, त्याच्या केसातलं पॅराशूट तेल उन्हानं तापून त्याचा वास थेट माझ्या नाकात. वारणा जिथं कृष्णेला मिळते तिथं संगमावर आम्ही पाय सोडून बसायचो. एकदा माझ्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला. त्यानं शर्टाची सेफ्टी पिन काढली, पाय मांडीवर घेतला आणि जीभ दातात धरून काटा काढायला बसला. काटा निघाला. रक्ताचा एक थेंब आला, तो त्यानं अंगठ्यानं दाबून धरला. त्यानंतर बराच वेळ पाय मांडीवरच होता. दोघंही नदीकडं बघत होतो आणि कुणी काही बोललं नाही. एवढंच झालं. पुढं कधीच काही झालं नाही. आता तो रोज सकाळी साडेसहाला सूर्योदयाच्या चित्रावर सुविचार पाठवतो आणि मी अंगठा दाबतो.

पेवं ज्यांनी बघितली नाहीत त्यांना सांगायला हवं. जमिनीत खोल खणलेला कोठारासारखा खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं, आत हळद भरून तोंड मातीनं लिंपून टाकायचं. हरिपूरच्या मातीत ती हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही, ओल नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आतली हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरून जातो. तासन् तास तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील दोरीनं आत सोडायचा आणि विझतो का बघायचं. लहानपणी वडिलांच्या कमरेला धरून मी वाकून तो खाली खाली जाणारा कंदील बघितलेला आहे. ह्याचं रूपक करायचा मोह मला गेली तीस वर्षं होतो आणि दरवेळी मी तो गिळतो. ते पेव होतं आणि त्यात आमचा वर्षाचा संसार होता.

वडील नाटकवेडे. सांगलीत ते काही विशेष नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हापासून ह्या गावाला नाट्यपंढरी म्हणायची सवय आहे, आणि बालगंधर्वांचं नागठाणे इथून हाकेच्या अंतरावर. वडील अंगणात आरामखुर्ची टाकून सांगायचे, गंधर्व कसे नऊवारी नेसून आले की भल्या भल्या घरंदाज बायका बघत राहायच्या, त्यांच्यासारखं नेसायच्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालायच्या. सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. आठवीत शाळेच्या नाटकात मुली मिळेनात म्हणून मला द्रौपदी केलं तेव्हा वडिलांनी मार्केट यार्डातल्या चार अडत्यांना बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. दोन दिवसांनी घरी, मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलो, तालमीतलं चालणं अजून अंगात होतं. पाहुण्यांसमोर नाही, पाहुणे गेल्यावर त्यांनी कानाखाली ठेवून दिली. ‘ते तिथं. इथं नीट चालायचं.’ म्हणजे नेमकं कसं, हे त्यांनी सांगितलं नाही. मी नंतर बरेच दिवस माझी पावलं मोजत चालायचो.

शब्दच नव्हता. बायल्या होता, तसला होता, आणि काही लिहिण्यासारखे नसलेले होते. ‘समलिंगी’ हा शब्द मला पहिल्यांदा कुठं भेटला आठवत नाही, पण तो पेपरातला शब्द होता, घरातला नव्हे. अशात अकरावीत असताना नगर वाचनालयात मला तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ सापडलं. नाव वाचून मला वाटलं, मित्राची म्हणजे एखाद्या मित्राची. घरी येऊन बघतो तर मित्रा ही मुलगी. मला आधी फसवल्यासारखं झालं आणि मग वीसेक पानांत घाम फुटला. पुस्तक मी गादीखाली ठेवायचो आणि रात्री मोरीतल्या दिव्यात वाचायचो. १९८१ साली रंगभूमीवर आलेलं नाटक, त्यात मुलीवर प्रेम करणारी मुलगी उभी करणं म्हणजे केवढं धाडस, हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की शेवटी मित्रा जीव देते. सोळाव्या वर्षी माणूस पुस्तकात शेवट बघतो, धाडस बघत नाही. मी ते वेळेच्या आधी परत केलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि वाचनालयाची पुस्तकं पुरात भिजली, तेव्हा मला सगळ्यात आधी त्या एका प्रतीची आठवण झाली, आणि थोडं हलकं वाटलं ह्याची नंतर लाजही वाटली.

पुढं नोकरी लागली, इंग्रजी पुस्तकं परवडायला लागली, इंटरनेट आलं, आणि मी अशा गोष्टी हावऱ्यासारख्या वाचत सुटलो. पोरगा, घर, गुपित, आणि मग जे काय होतं ते. १९६९ साली अमेरिकेत जॉन डोनोव्हन नावाच्या लेखकानं किशोरांसाठी एक कादंबरी लिहिली, तिथल्या कुमारवयीन साहित्यात दोन पोरांमधलं असलं काही उघड येण्याची ती सुरुवात मानतात. आई दारूत बुडालेली, पोरगा एकटा, जीव लावायला एक बुटका कुत्रा. मित्राशी जवळीक होते आणि थोड्याच दिवसांत तो कुत्रा गाडीखाली येतो. पोराला वाटत राहतं की आपण तसं केलं म्हणूनच कुत्रा मेला. वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. मला माझे वडील आठवले, त्यांचं ब्लड प्रेशर, माझ्या बारावीच्या वर्षी त्यांना आलेली भोवळ, आणि मी देवापुढं उभं राहून ‘मी आता तसं मनात आणणार नाही’ म्हणून दिलेला शब्द. सांगलीत राहणाऱ्या पोराचं आणि न्यूयॉर्कमधल्या पोराचं गणित इतकं सारखं कसं असतं, देव जाणे.

आणि इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर. ह्या गृहस्थानं ‘मॉरिस’ १९१३-१४ मध्ये लिहून काढली आणि ती छापून आली १९७१ साली, तो वारल्यानंतर. मधल्या काळात थोड्या मित्रांनी वाचली, बाकी कपाटात. कारण? त्यानं ठरवलं होतं की निदान कादंबरीत तरी दोन पुरुष सुखानं एकत्र राहतील. शेवटी फासाला लटकलेला पोरगा दाखवला असता तर सगळं सुरळीत झालं असतं, असं तो स्वतःच नंतर लिहून गेला आहे. सुखाचा शेवट हाच गुन्हा होता. गंमत म्हणजे १९२१ मध्ये हा माणूस देवासच्या मराठा महाराजांचा खाजगी सचिव म्हणून आपल्या लोकांत वावरत होता, कोल्हापूरची सोयरीक असलेल्या त्या दरबारात पंगतीला बसत होता, आणि तिकडं इंग्लंडात त्याचं हे बाड बंद पडून होतं. हे मला इतकं आवडतं की बँकेतल्या लोकांनाही मी सांगितलेलं आहे, अर्थात कादंबरी कशाबद्दल होती ते गाळून.

म्हणजे ‘सुखाचा शेवट’ ह्यावर मी चहाच्या टेबलावर तासभर बोलू शकतो. फॉर्स्टरची बाजू घेतो. कुत्र्यासाठी हळहळतो. आणि सांगलवाडीचा एक पोरगा शेवटी नुसता गरम भाकरीसमोर बसतो तर त्याला ११.

मला ह्या प्रकारच्या गोष्टींत एक खटकत आलंय, ते त्या रात्री नेमकं विसरलो. त्यांतलं घर हे पोराला अडवायला म्हणूनच बांधलेलं असतं. बाप कडक, आई रडकी, आजी सोवळी, आणि ह्या सगळ्यांना दुसरा उद्योगच नाही, पोरगा कधी सांगतोय आणि आपण कधी उसळतोय एवढ्यासाठी ते ओटीवर बसून आहेत. मग पोरगा सॅक उचलून स्टँडवर जातो. मराठीत असेल तर स्वारगेट गाडी धरतो. पुण्यात किंवा मुंबईत त्याला त्याची माणसं भेटतात आणि गाव मागं राहतं, ऊस, धुरळा आणि आईचा डबा ह्या तीन वस्तूंपुरतं. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ मध्ये आली तेव्हा मी ती दोन रात्रींत संपवली, आणि सगळ्यात मोठं नवल वाटलं ते अर्ध्यातून पुढं बहीण बोलायला लागते ह्याचं. घरातल्या दुसऱ्या माणसालाही काहीतरी लागलेलं आहे, तिचंही तेवढंच तुटलंय, हे मला कुठं कुणी दाखवलं नव्हतं. माझ्या डोक्यात माझ्या घरातली सगळी माणसं माझ्याच गुपिताभोवती बसलेली होती.

तसं नव्हतंच. २००५ च्या पुरात हरिपुरात पाणी शिरलं आणि जमिनीखालची हळद जमिनीखालीच गेली. आमची तीन पेवं. पाणी ओसरल्यावर वडिलांबरोबर मी गेलो होतो. चिखलातून येणारा तो आंबट, कुजका, तरीही ओळखीचा वास मला अजून झोपेत येतो. वडील पेवाच्या काठाला उकिडवे बसले आणि कितीतरी वेळ नुसते मातीची ढेकळं फोडत राहिले. ह्यावेळी कंदील सोडायचाही प्रश्न नव्हता. त्यानंतर घरात जे धुमसलं, ती उचल, ते देणेकरी, आईच्या पाटल्या, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालणारी कुजबुज, त्याला मी कारण नव्हतो. पण त्याच वर्षी माझ्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली आणि मी इस्लामपूरची नाही म्हटली, कोल्हापूरची नाही म्हटली, मिरजेची तर आधी हो म्हणून मग नाही म्हटली. त्या मुलीचं काय झालं असेल हा विचार मला फार उशिरा सुचला. वडील म्हणाले, ‘घरात आधीच काय चाललंय, त्यात तुझं हे.’ ‘हे’ म्हणजे काय ते त्यांनी विचारलं नाही. २०११ मध्ये ते गेले. मी त्यांच्यावर रागावलेलो होतो की ते माझ्यावर, ह्याचा निकाल लागलेलाच नाही. एखाद्या कादंबरीत शेवटच्या प्रकरणात हॉस्पिटलच्या खाटेवर बाप पोराचा हात धरतो. आमच्यात त्यांनी हात धरला होता, पण तो लघवीला उठवायला.

आता ती गोष्ट, जी मला त्या मुलीच्या ‘कुणाच्या?’नंतर चार दिवसांनी, बँकेत पासबुकावर शिक्का मारताना आठवली.

६ सप्टेंबर २०१८. दुपारीच सुप्रीम कोर्टाचा कलम ३७७ चा निकाल आला होता, समलिंगी संबंध आता गुन्हा नाही म्हणून. बँकेत कुणी त्यावर दोन विनोद केले, मीही हसलो, हसायचा सराव आहे. संध्याकाळी घरी आलो तर आईनं टीव्ही लावलेला. सहसा त्या वेळेला मालिका असते, पण बातम्या चालू होत्या, पोरं झेंडे नाचवत होती. मी बूट काढत राहिलो. लेस नसलेले बूट काढायला किती वेळ लागू शकतो! आई टीव्हीकडं बघत म्हणाली, ‘म्हणजे आता पोलीस धरून नेणार नाहीत?’ मी म्हटलं, ‘नाही.’ ‘बरं झालं,’ म्हणाली, आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली. थोड्या वेळानं आतून विचारलं, ‘कांदा घालू का आमटीत?’ त्याच वर्षी सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली तेव्हा ती जास्त वेळ बोलली होती, ‘तुझे बाबा असते तर’ म्हणून डोळे पुसले होते. पोलिसांवर मात्र पुन्हा एक शब्द नाही. मीही विचारलं नाही, कुणाला धरून नेणार नाहीत असं तुला वाटलं, आई? जगातल्या पोरांबद्दल म्हणाली होती की हातातल्या पोराबद्दल? सात वर्षं होत आली. मी ते ‘बरं झालं’ कधी आईचं अज्ञान म्हणून बाजूला ठेवतो, कधी रात्री काढून बघतो.

आणि हा माणूस लिहितो, आईची प्रतिक्रिया अवास्तव.

हेवा होता तो. त्या पोराला निदान बोलायला जमलं. मला ज्या शेवटाची तीस वर्षं भीती वाटली आणि ज्या भीतीनं मी काहीच केलं नाही, तो शेवट कथेत आलाच नाही तर माझी तीस वर्षं कशापायी गेली? कुणीतरी ताट फेकायलाच हवं होतं. निदान एक वाटी. म्हणजे मी गप्प बसलो ते शहाणपणाचं ठरलं असतं. हे सगळं लाल पेनाच्या चार ओळींत मावत नाही म्हणून माणूस ‘संघर्ष हवा होता’ असं लिहून मोकळा होतो.

कॉलेजात चौकशी करायचा विचार दोनदा मनात आला. पण सतरा नंबर कुणाचा, असं विचारणं म्हणजे त्या कथेच्या मालकाकडं, मालकिणीकडं, बोट दाखवणं झालं असतं. लहान गावात चौकशा निरागस नसतात. तेव्हा गप्प बसलो. ह्यावेळचं गप्प बसणं तेवढं बरोबर होतं असं वाटतं.

परवा रविवारी आई मेथी निवडत बसली होती. मी समोर पेपर घेऊन. काय झालं कुणास ठाऊक, म्हटलं, ‘एक गोष्ट वाचली परवा,’ आणि सांगायला लागलो. शर्यत सांगितली, पाठीवरचं पाणी वगळलं. द्राक्षबाग सांगितली, तिथं ती चुकचुकली. मग पोरगा आईला काय म्हणाला ते सांगितलं. कथेतल्या शब्दांत सांगितलं, कारण माझे शब्द सापडेनात. तिचे हात थांबले नाहीत. मेथीच्या काड्या एकीकडं, पानं एकीकडं. मग मोटरचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं, आणि संपली म्हणालो.

ती जरा वेळानं म्हणाली, ‘त्याला खाली पाठवलं होय तिनं.’

‘टाकी वाहत होती ना.’

‘टाकी रोज वाहती. तेवढ्यात तिला रडून घेता आलं असंल. पोरासमोर रडली असती तर त्याला वाटलं असतं आपल्यामुळं रडती.’ एक पिवळं पान उचलून बाजूला टाकत म्हणाली, ‘तोंड धुऊन भाकरीला बसली असंल. भाकरीला बसलं की वाफेनं तोंड लालच दिसतं.’

मी ती कथा रात्री साडेबाराला दोनदा वाचली होती. मोटर बंद करून पोरगा अंधारात थोडा वेळ थांबतो, ही ओळ मला विनाकारण लांबवलेली वाटली होती. वर आई काय करत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

‘कुणी लिहिली?’ आईनं विचारलं.

‘माहीत नाही. कॉलेजातल्या कुणीतरी.’

‘मग बक्षीस मिळालं?’

‘नाही.’

‘का?’

मी पेपरची घडी घातली. पुन्हा उलगडली. म्हटलं, ‘परीक्षकाला शेवट पटला नाही.’

आईनं मेथीची जुडी गुडघ्यावर ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

‘कोण होता तो मेला?’